मागचं दार

सलूनमधल्या विगच्या खोलीला मागून वेगळं दार होतं, आमच्यासारख्यांना कोणी पाहू नये म्हणून. कॅन्सरच्या औषधांनी केस गेले, तेव्हा मी तिथूनच आत गेले होते. बिलासाठी मागितला म्हणून ऑफिसचा ईमेल दिला. काल भर मीटिंगमध्ये माझा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडलेला असताना कुठल्याशा केशतेलाच्या कंपनीचा ईमेल झळकला: ‘विगखाली किती दिवस लपणार?’ सगळ्यांच्या नजरा माझ्या डोक्यावर. आज मी सलूनमध्ये पुढच्या दारानं शिरले. खुर्च्या भरलेल्या होत्या. “माझा ईमेल तेलवाल्यांना कुणाला विचारून दिलात? कायद्यानं माझी परवानगी लागते!” “अहो ताई, नुसत्या ऑफर्सच तर पाठवतात,” मालक कुजबुजला. “हळू बोला, लोक ऐकताहेत. जरा मागच्या दारानं येता का?” मी विग काढून त्याच्या पुढ्यात आपटला. “ते दार बुजवून टाका. दवंडी पिटायला तुम्ही आहातच की!”