पोहोचली

"मागणी पोहोचली, ताई. रक्त येईलच आता," म्हणत सिस्टरने कॉम्प्युटरचा पडदा मृदुलाकडे वळवला. हिरव्या अक्षरांत खरंच तसं लिहिलं होतं.

ते शब्द मृदुलाचेच. ऑफिसात हे सॉफ्टवेअर बनवताना तिने आधी 'मागणी रांगेत आहे' असं लिहिलं होतं, कारण रक्तपेढीचा सर्व्हर उचलेपर्यंत मागणी नुसती रांगेतच पडून असते. साहेब म्हणाले, "'पोहोचली' टाक गं. लोकांना धीर येतो." तिने टाकलं.

"पेढीला फोन केलात?"

"पूर्वी करायचो. आता लगेच पोहोचते ना."

आत खाटेवर, तिला वाढवणाऱ्या आत्याचे ओठ पांढरे पडत चालले होते. मृदुला फोन लावत राहिली. लागला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "सकाळपासून सर्व्हर बंद आहे, बाई. आमच्याकडे काहीच आलेलं नाही." तिने वळून पाहिलं. सिस्टर आत्याच्या तोंडावर चादर ओढत होती.

संध्याकाळी सर्व्हर सुरू झाला. रांगेत मुकाट थांबलेली मागणी पुढे सरकली. शववाहिनीजवळ उभ्या असलेल्या मृदुलासमोर एक ड्रायव्हर रक्ताची पेटी घेऊन धावत आला.

"मागणी आत्ताच पोहोचली," तो धापा टाकत म्हणाला. "कुठल्या वॉर्डात द्यायचं?"