दुपारची खुर्ची

बेअरिंग बनवणाऱ्या त्या जपानी कंपनीचा रग्बी संघ एकावन्न वर्षांचा होता. या मोसमात चौदापैकी दोनच सामने जिंकला आणि मार्चअखेर कंपनीने तो बंद करून टाकला. परदेशातून आणलेले खेळाडू आपापल्या घरी गेले. संघातले तोकुमारुसान मात्र कंपनीचेच कर्मचारी. बारा वर्षं ते सकाळी खरेदी विभागात बसायचे आणि जेवण झालं की सरावाला निघायचे. आज पहिल्यांदाच दुपारी खुर्चीत बसून राहिले.

"काय तोकुमारुसान, आज पळायचं नाही का?" विभागप्रमुख हिसानागा हसले.

"बारा वर्षं यांचे दुपारचे फोन मी घेतलेत बरं का!" शेजारच्या ओगुरासान म्हणाल्या. "आता बसा म्हणावं फोनपाशी."

"फार त्रास दिला तुम्हाला," तोकुमारुसान मान झुकवून म्हणाले. त्यांना वाईटसुद्धा वाटलं नाही. पाठीत धपाटा बसावा आणि तो कळूच नये, तसं झालं होतं त्यांचं. बारा वर्षांत या विभागात एकानेही सामन्याचं विचारलं नव्हतं. आपण इथे कुणाचेच नाही, हे त्यांनी कधीच मनाशी धरलं होतं.

मग तीन वाजले.



सगळा विभाग चहाचे पेले घेऊन मागच्या खिडकीशी गेला, ओगुरासाननी खणातून दुर्बीण काढली, आणि रोजच्या सवयीने सगळे खाली सरावाच्या मैदानाकडे पाहू लागले, जिथे आता कुणीच नव्हतं.