दारावरचा कागद

सकाळी दहा वाजता साहेबांनी पहिल्या गिऱ्हाइकाची बेल दाबली. बावीस वर्षं बँकेच्या जप्तीच्या नोटिसा दारोदार चिकटवून ते निवृत्त झाले होते, आणि आता लिलावाला निघालेली घरं वाचवण्याचा धंदा त्यांनी काढला होता.

"जन्मभर लोकांना घराबाहेर काढलंत, आता तुम्हाला घरात कोण घेणार?" घरून निघताना बायकोने विचारलं होतंच.

"अगं, शिंपीणबाईंनी स्वतः फोन करून बोलावलंय. त्यांचं घर वाचलं की बघ, रांग लागेल."

बाई नेमक्या बाजारात गेल्या होत्या. दार उघडेना, तेव्हा साहेबांचा हात सवयीने चालला. 'घाबरू नका, घर सोडू नका' अशी स्वतःची जाहिरात त्यांनी दाराच्या मधोमध डिंकाने चिकटवली, साक्षीदार म्हणून शेजारच्या काकांची सही घेतली, दाराचा फोटो काढला आणि खुशीत घरी परतले.

दुपारी तीनला काकांचा फोन आला.



"साहेब, तुमचा कागद जिन्यातूनच बघून बाई शिलाई मशीन टेम्पोत घालून गेल्या, आणि वरच्या मजल्यावरही बांधाबांध सुरू झालीय."