ताईंच्या तीन तक्रारी

पंडितला प्रोग्राममधली ती ओळ सापडली. सकाळचे साडेदहा वाजले होते, समोर चहा निवत होता आणि चूक त्याची स्वतःची होती.

ऑफिसात त्याला सगळे पंडित म्हणत, कारण यंत्राच्या पोटात काय चाललंय ते त्यालाच विचारायचं अशी रीत पडली होती. त्याचं काम ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, लिहिण्याचं. सासरे अजूनही चारचौघांत सांगत की आमचे जावई कंपनीत ड्रायव्हर आहेत; त्याने समजवायचा नाद सोडला होता. गाडीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कंपनी बनवत होती ते आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचं, नाडीचे ठोके दाखवणारं यंत्र. बोटाला लावलेल्या चिमट्याकडून आकडा यायचा तो एका छोट्या चिपमधून, कंट्रोलरमधून. बॅटरी वाचावी म्हणून यंत्र अधूनमधून झोपायचं. झोपताना कंट्रोलरची सगळी सेटिंग टिपून ठेवायची, जागं होताना ती परत लावायची, आणि मग त्याला विचारायचं, उठलास का बाबा? त्याचं उत्तर आलं की वरच्या प्रोग्रामला कळवायचं, सगळं ठीक. हे सगळं पंडितने लिहिलेलं.

त्यात विचारायचंच राहिलं होतं. सहा महिन्यांपूर्वी घाईगर्दीत त्याने उत्तराची वाट न बघता सरळ ‘सगळं ठीक’ कळवणारी ओळ टाकली होती आणि शेजारी लिहून ठेवलं होतं, नंतर बघू. ते नंतर काही उजाडलं नाही.

आता होत होतं असं, की गारठ्यात बॅटरी मलूल असली म्हणजे कंट्रोलर उठायला वेळ लावायचा. अर्धवट झोपेत त्याला दिलेलं सेटिंग वाया जायचं. वरचा प्रोग्राम बिचारा काय करणार? सगळं ठीक म्हटल्यावर तो झोपेआधीचाच आकडा दाखवत बसायचा. माणसाची नाडी बुडाली तरी पडद्यावर आपलं बहात्तर.

आणि हेच ताईंनी तीनदा लेखी कळवलं होतं. ताई म्हणजे चाचणीच्या टेबलावरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, सगळ्या ऑफिसच्याच ताई. त्या यंत्र बॅटरीवर टाकून थंड कपाटात तीन-तीन तास झोपवत आणि मग उठवत. पंडित मात्र आपल्या टेबलावर यंत्र प्लगला जोडून त्याला दहा सेकंदांची डुलकी काढू द्यायचा. ते दरवेळी टुणकन उठायचं. मग तो ताईंच्या तक्रारीवर शेरा मारायचा, ‘माझ्याकडे असं होत नाही. वायर सैल असावी.’ तिसऱ्या वेळी तर तो साहेबांपाशी हसत बोलून गेला होता, की ताईंचा हात हल्ली थरथरतो. काय गरज होती? कुणी विचारलं होतं? साहेबांनी ते मनात ठेवलं आणि सोमवारपासून ताईंना पॅकिंगला टाकायचं ठरवलं, तसं कारणासकट त्यांना सांगूनही टाकलं.

साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. पंडित उठला, दोन पावलं गेला, आणि परत येऊन बसला. दुपारी सांगू, आधी यंत्र तर नीट करू, असं त्याने स्वतःला बजावलं. विचारणारी आणि वाट बघणारी चार ओळींची जागा भरायला त्याला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नवा ड्रायव्हर चाचणीला पाठवताना ‘काय बदललं’ या रकान्यात त्याने लिहिलं, ‘किरकोळ साफसफाई’. लिहिताना त्याला स्वतःची शरम वाटली. तरी त्याने ते खोडलं नाही.

जेवणाची सुट्टी झाली, साहेब दोनदा समोरून गेले, दोन्ही वेळा पंडित पडद्यात डोकं घालून बसला. संध्याकाळी ताईच त्याच्या टेबलाशी आल्या. चेहरा हलका झालेला.

“काल मी सगळ्या वायरी बदलल्या,” त्या म्हणाल्या. “आज तुझा नवा ड्रायव्हर टाकून दोन यंत्रं कपाटात ठेवून बघितली. एकही अडलं नाही. तुझंच बरोबर होतं रे, वायर माझ्याच हातून सैल लागत होती.”

ताई, चूक माझी होती. चारच तर शब्द. तेवढेच म्हणायचे होते.

“ताई, ते पॅकिंगचं...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

त्यावर ताईंनी त्यालाच समजावलं. पॅकिंगही कामच आहे, आणि हात असे दगा द्यायला लागल्यावर या टेबलावर बसणं बरं नव्हे, उद्या कुणाच्या जिवावर बेतायचं. रात्री नीट झोपही लागत नव्हती म्हणे त्यांना. मग त्यांनी सांगितलं की तिन्ही तक्रारी त्यांनी मागे घेतल्या आहेत. फक्त पंडितची मंजुरी पडल्याशिवाय त्या बंद होत नाहीत, आणि जाण्याआधी त्यांना आपल्या नावावर काही लोंबतं ठेवायचं नव्हतं.

पंडितने त्या उघडल्या. कारणाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी ताईंनी आपल्या हाताने निवडलं होतं, ‘चाचणी घेणाऱ्याची चूक’.

ताई खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या होत्या. त्याने चोरून त्या हाताकडे पाहिलं. हात अगदी स्थिर होता.

त्याने पहिली मंजूर केली. मग दुसरी.

“माफ कर हं मला,” ताई म्हणाल्या. “तीन-तीनदा उगाच तुझ्या डोक्याला ताप दिला.”

पंडितचं बोट थांबलं. ताई वाट बघत होत्या.

“असू दे, ताई,” तो म्हणाला. “होतं असं कधीकधी.”

आणि त्याने तिसरी मंजूर केली.