थडग्यावरची कोरी जागा

त्या महान डॅनिश लेखकाच्या थडग्यावर बायकोच्या, म्हणजे ओडाबाईंच्या नावासाठी अर्धी जागा कोरी होती. त्याने कादंबऱ्यांतून त्यांना कैदाशीण म्हणून रंगवलं. तो मेल्यावर वर्तमानपत्रांनी त्यांना त्यागमूर्ती केलं. आता स्मारक समितीचा तरुण अध्यक्ष योर्गन त्यांच्याच स्वयंपाकघरात कॉफी पीत म्हणाला, “खरी प्रतिभा तुमचीच होती, ओडाबाई! दगडावर तसंच कोरणार आहोत.” “मला विचारलंस?” “त्यात विचारायचं काय? गौरवच आहे!” ओडाबाईंनी केक पुढे केला. “थडग्याची जागा भाडेपट्ट्याची असते. त्याची मुदत संपली. ती वाढवायचा हक्क विधवेचा. मी नाही वाढवली.” योर्गनला ठसका लागला. “आम्हाला वाटलं, तुम्ही वाढवणारच!” “तेही तुम्हीच ठरवलंत?” दाराशी ट्रक थांबला. मुदत संपलेल्या थडग्यांचे दगड फोडून दफनभूमीवाले खडी करतात. नवऱ्याच्या दगडाची खडी ओडाबाईंनी मागून घेतली होती. “खुराड्यापुढे ओता!” त्या खिडकीतून ओरडल्या. “कोंबड्यांना हगायला कोरडी जागा हवी.”