ठिपका हरवला तेव्हा

ज्वारीच्या ताटांतून रानकोंबड्यासारखा एक फेझंट पक्षी आरवत उठला आणि आर्लनने दुनळी बंदूक खांद्याला लावली.

नळीवरच्या काचेत लाल ठिपका उमटला. आर्लनच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुरकट डाग पडले होते, म्हणून त्याच्या लेकीने, कर्स्टनने, नेम धरायची ही काच बसवून दिली होती. आज सकाळीच तिने पुन्हा बजावलं होतं, "बाबा, नजर पक्ष्यावर ठेवा. ठिपका आपोआप येतो."

नजर पक्ष्यावर ठरेना. ठिपका तेवढा लख्ख दिसत होता. पक्षी डावीकडे, अगदी खालून वळला. त्या तपकिरी फडफडीमागे ठिपका, ठिपक्यामागे आर्लन. बोट चापावर आलं.

ठिपका नाहीसा झाला.

तो काचेत शोधू लागला. सगळं केशरी झालं होतं, लाल त्यात विरून गेलं होतं. मग त्या केशरी रंगाला हात फुटले.

"बाबा!"

वीस पावलांवर कर्स्टन उभी होती, शिकारीच्या केशरी जाकिटात, दोन्ही पंजे पुढे धरून. तिची बंदूक मातीत पडली होती.

ती बंदूक उचलून जवळ आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "मला नळ्यांची भोकं दिसली. दोन्ही."

आर्लनने नळ्या जमिनीकडे वळवल्या.

"पण मला पाहून थांबलात तुम्ही. हो ना?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "ठिपका दिसेना, म्हणून थांबलो. दिसला असता तर..."

"पुरे, बाबा."

त्याने दुनळी मधून उघडून काडतुसं काढली. एक हातातून निसटलं, ते कोणी उचललं नाही. बंदूक त्याने लेकीकडे दिली. पन्नास वर्षांत या रानात तो रिकाम्या हातांनी कधी उभा राहिला नव्हता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

रानाच्या पलीकडच्या टोकावरून त्याचा भाऊ ड्वेन ओरडला, "काय रे आर्लन, झोपलास का? नाकासमोरून गेला की!"

कर्स्टनने बाहीने तोंड पुसलं. "मादी होती, काका! मादी मारायला बंदी आहे ना?"

"मादी? अगं, आरवत गेली ती!"

दोन्ही बंदुका एका खांद्यावर टाकून कर्स्टनने बापाचं कोपर धरलं, आणि ताटं बाजूला सारत त्याला गाडीकडे नेऊ लागली.