पुढची खुर्ची

"ए बायकांनो, मागं सरा!" गावच्या जत्रेत नाटक सुरू व्हायच्या आधी सासरे असे ओरडायचे, आणि दुपारीच पोतं अंथरून धरलेली पुढची जागा सोडून लीलाबाई मुकाट मागे जायच्या. तिकडे रंगमंचावर डोईला मुकुट, गळ्यात माळ घालून त्यांचे पती लालासाहेब राजा व्हायचे.

आज सांगलीच्या नाट्यगृहात दोघं पहिल्या रांगेत बसली होती. त्या दोन खुर्च्यांसाठी लीलाबाई सकाळपासून तिकीटखिडकीपुढे उभ्या होत्या. पडदा उघडायच्या बेताला एक कार्यकर्ता धावत आला.

"आजी, साहेबांचे पाहुणे आलेत. तुम्ही जरा मागं बसता का?"

लालासाहेब लगेच उठले. "चल गं. मागनंबी दिसतंय की."

लीलाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "तिकीट आमचं हाय. मी न्हाई उठणार."

"आगं, लोक बघत्यात! जत्रंत मागंच बसायचीस न्हवं? तरी दरसाली म्हणायचीस, तुमचं काम लय भारी झालं."

"तुमचं मन मोडू नये म्हणून म्हणायची. आवं, मागनं मला नुसते फेटे दिसायचे. तुमचा राजा मी एकदाबी बघितला न्हाई."